पांढरीतला खड्डा

आमच्या संस्थेनं अलीकडे एक नवीन थेर सुरू केलंय. जुने अहवाल, जुनी त्रैमासिकं, जुने फोटो, सगळं एकेक पान यंत्रावर पालथं घालायचं, त्याची चित्रं काढायची आणि ती जगाला बघायला मोकळी करायची. याला ते ज्ञान लोकांपर्यंत नेणं म्हणतात. उद्घाटनाला मला बोलावलं होतं, कारण हयात असलेल्यांत सगळ्यात जुना मी. एक तरुण प्राध्यापक पडद्यावर बोट फिरवत सांगत होता की आता अमेरिकेत बसलेला माणूससुद्धा आपले अहवाल वाचू शकेल. मी शेजारच्याला म्हटलं, अहो, धारवाडात बसलेल्यांनी पन्नास वर्षांत वाचले नाहीत, अमेरिकेतला कशाला झक मारायला वाचेल. तो हसला आणि उठून फराळाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

माझा अंदाज चुकला. वाचणारे निघाले. पण ते अमेरिकेत नव्हते, हुबळीजवळ उणकलच्या एका नव्या घराच्या वास्तुशांतीला जेवायला जमले होते. ती हकीकत पुढे येईल.

आधी माझा धंदा सांगतो. मी पुरातत्त्ववाला. म्हणजे मेलेल्या लोकांनी टाकलेला केरकचरा उकरायचा, त्यावर आकडे घालायचे आणि जिवंत लोकांना कंटाळा येईल अशा भाषेत त्याबद्दल लिहायचं. चाळीस वर्षं मी हे केलं आणि त्याबद्दल मला वेळोवेळी नारळ आणि हार मिळाले. माणसाच्या ज्ञानाबद्दल तुमचं काय मत, असं मला मुलाखतीत विचारतात. माझं मत असं की ज्या बाईनं पहिल्यांदा मडकं भाजलं तिला काहीतरी कळत होतं. तिच्या मडक्यावर प्रबंध लिहिणाऱ्याला मडकं घडवता येत नाही, भाजता येत नाही, आणि हातात दिलं तर नीट धरताही येत नाही. आमच्याकडे एकानं धुता धुता दोन फोडली होती. तो पुढे विभागप्रमुख झाला.

मी मॅट्रिकला होतो तेव्हा, छप्पन साली, राज्यांच्या रेघा नव्यानं ओढल्या गेल्या आणि आम्ही बसल्या जागी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. वडील शाळामास्तर. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी, आणि कुणावर छाप पाडायची असली की इंग्रजी, असं आमचं चालायचं. आम्हाला काही फरक पडला नाही. दूधवाला तोच होता. फरक पडला तो विद्वानांना. रेघ हलली तशी त्यांची डोकीही हलली आणि जिल्ह्यातलं कुठलं टेकाड कुणाच्या वाडवडिलांचं यावर परिसंवाद झडू लागले. अर्धे म्हणत जुनी वस्ती आमच्या भाषेची, उरलेले म्हणत आमच्या. खापरांना कुणी विचारलं नाही. खापरं बोलत नाहीत म्हणून तर आमच्या धंद्यात एवढी बडबड चालते.

या बडबडीत आमच्या संस्थेचे तेव्हाचे संचालक सर्वांत पुढे. संस्था म्हणजे काही विद्यापीठ नव्हे. एका मोठ्या जुन्या घरात सहा कपाटं, चार विद्वान आणि एक जीप. संचालकांनी एका परिषदेत छातीठोकपणे सांगून टाकलं होतं की अळणावर आणि कलघटगीच्या मधल्या एका खेड्यातली पांढरी ही या भागातली सगळ्यात जुनी वस्ती. पांढरी म्हणजे जुनं गाव राहून, पडून, पुन्हा राहून साचलेल्या राखट मातीचं टेकाड. गावकरी ती माती गाड्या भरभरून शेतात टाकतात आणि पीक झकास येतं. संचालकांनी आधी सांगून टाकलं आणि मग मला खणायला पाठवलं. आमच्याकडे संशोधन याच क्रमानं होतं.

मी तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीसचा असेन. नोकरी कायम झाली नव्हती, धारवाडात सप्तापूरला एका खोलीत राहत होतो आणि स्वतःला फार मोठा समजत होतो. खणायला त्याच गावातले पंधरा-वीस मजूर घेतले. त्यात पन्नाशीचे एक गृहस्थ होते. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, म्हणून मीही अप्पा म्हणू लागलो. स्वतःची थोडी भातशेती, आणि उरलेले दिवस मजुरी. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मला मास्तर म्हणायचे, कारण त्यांच्या मते वही घेऊन फिरणारा प्रत्येक माणूस मास्तर.

या अप्पांना माती ऐकू यायची. मी अतिशयोक्ती करत नाही, मला तेवढी कल्पनाशक्तीच नाही. खुरप्याची मूठ जमिनीवर ठोकायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि सांगायचे, इथं जमीन चोपलेली आहे, इथं भराव आहे, इथं भिंत होती ती कुणीतरी दगडांसाठी उपसून नेलीय. मी पुस्तकातल्या पद्धतीनं दोन दिवस खरडून तिथंच येऊन पोचायचो. पहिल्या आठवड्यात मला याचा राग आला. दुसऱ्या आठवड्यात मी गुपचूप त्यांना विचारून घेऊ लागलो आणि संध्याकाळी वहीत 'माझ्या निरीक्षणानुसार' असं लिहू लागलो. धंद्यातली ही रीत मला कुणी शिकवावी लागली नाही.

आता थोडं समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. टेकाडात थर असतात, खालचा जुना, वरचा नवा. पण माणूस हा प्राणी खड्डे खणतो. वरच्या थरात राहणाऱ्यानं खोल खड्डा खणून त्यात राख टाकली, तर ती राख जुन्या थराच्या शेजारी जाऊन बसते. ती जुनी नसते, नुसती खोल असते. हे ओळखायचं कसं? खड्ड्याचं तोंड कुठल्या थरात उघडतं ते बघायचं. तोंड ज्या थरात, खड्डा त्या काळातला. एवढंच आमचं शास्त्र. बाकी सगळी फोडणी.

दिल्लीहून पाहुणे येणार म्हणून संचालकांचा निरोप आला. पाहुणे यायचे म्हटलं की आमच्याकडे भिंत सजवायची पद्धत होती. चराची भिंत ओळंबा लावून सरळ छाटायची, वरचा काठ कापून एका रेषेत आणायचा, झारीनं पाणी शिंपडायचं म्हणजे थरांचे रंग खुलतात, आणि मग फोटो. मुलगी दाखवायच्या आधी घरात जी धांदल असते तीच. भिंत जितकी गुळगुळीत तितका खणणारा हुशार, असा आमच्यात समज होता. मी दोरी बांधली आणि काठ कापायला सांगितलं.

अप्पा खाली उतरलेलेच होते. ते म्हणाले, "मास्तर, त्यो काठ कापू नका. हितं खड्डा हाय. ह्येचं तोंड वर हाय बगा, त्या काठालाच."

मी म्हटलं, "खड्डा नाही अप्पा. तो थरच आहे, जरा राखेचा आहे एवढंच."

त्यांनी मूठ ठोकली. "हिकडं घट्ट वाजतंय, हिकडं भसभशीत. वरनं कुणीतर खणून राख टाकलीया. तोंड कापलासा तर उद्या कुणाला कळंल कुठनं आलाय ते?"

मला तो खड्डा दिसत होता का? त्यांनी सांगितल्यावर दिसायला लागला होता. पण दोरी बांधून झाली होती, पाहुण्यांची गाडी धारवाडहून निघाली होती, आणि काठावर कापायचा राहिलेला तो वेडावाकडा तुकडा फोटोत वाईट दिसला असता. शिवाय पंधरा माणसांसमोर अंगठेबहाद्दर मजूर मला शिकवतो हे मला सोसवलं नाही. मी म्हटलं, "कापा. शहाणपणा नको." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि कापलं. काम इतकं सफाईदार केलं की खड्ड्याच्या तोंडाचा मागमूस राहिला नाही.

पाहुणे आले, छान छान म्हणाले. तेव्हा कोळशावरून काळ काढायचं तंत्र नवीन होतं आणि सगळे त्याचं नाव देवाच्या नावासारखं घेत. संचालकांनी कॅमेऱ्यासमोर वाकून, चिमट्यानं, त्या राखेतून कोळशाचे तुकडे उचलले आणि चंदेरी कागदात गुंडाळले. पिशवीवरची चिठ्ठी मी लिहिली. त्यावर थराचा आकडा घातला तो सगळ्यात खालच्या थराचा. अप्पा घमेलं घेऊन बाजूला उभे होते. त्यांना चिठ्ठी वाचता येत नव्हती.

प्रयोगशाळेचं उत्तर यायला वर्ष उलटलं. आलं तेव्हा संचालकांच्या तोंडचं पाणी पळालं. कोळसा अगदी अलीकडचा, आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी शेकोटी केली असेल त्या काळचा. आणि संचालक तर मधल्या काळात आणखी दोन परिषदांत टिमकी वाजवून आले होते. यंत्राला खोटं म्हणायची सोय नव्हती, कारण यंत्राची आरती त्यांनीच ओवाळली होती. मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "कुणाच्या तरी हातून नमुना बिघडला असणार. मजुराच्या हातून म्हणा. मजूर थोडाच वाचणार आहे?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमच्या नोकरीचा कागद कार्यकारिणीपुढे आहे, नाही का?"

मी ते वाक्य लिहिलं. फार चांगल्या इंग्रजीत लिहिलं, मला इंग्रजी चांगलं येतं. त्याचा अर्थ असा की नमुना गोळा करताना एका स्थानिक मजुराच्या निष्काळजीपणामुळे वरच्या थरातला कोळसा त्यात मिसळला, सबब हा काळ ग्राह्य धरू नये. पान सत्तेचाळीस, खालून तिसरी ओळ. अहवाल छापून आला, टेकाड प्राचीनच राहिलं आणि मी कायम झालो. संस्थेत बिचाऱ्या संचालकांना फार नावं ठेवतात, पण ते वाक्य त्यांनी लिहिलं नव्हतं.

संस्थेत मजुरांची एक यादी असायची. ज्यांना पुन्हा घ्यायचं त्यांची. त्या हिवाळ्यात आम्ही त्याच रस्त्यावरचं दुसरं टेकाड खणायला घेतलं तेव्हा अप्पांचं नाव यादीत नव्हतं. अहवालात नाव नव्हतं, पण त्या भिंतीशी तेच होते हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. छापील अहवालात निष्काळजी ठरलेला माणूस पुन्हा कसा घेणार? मी यादी बघितली आणि सही केली.

एका रविवारी सकाळी अप्पा सप्तापूरच्या माझ्या खोलीवर आले. खांद्यावर शेंगांची पिशवी. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा पटका. मी चहा टाकला. इकडचं तिकडचं झालं आणि त्यांनी विचारलं, "औंदा बोलावणं कसं न्हाई आलं मास्तर? जीप तर रोज जातीया आमच्या दारावरनं."

मी म्हटलं, "ते काम दुसऱ्या खात्याचं. आम्हाला मंजुरी नाही मिळाली." हे खोटं किती सहज बाहेर आलं.

"आसू दे, आसू दे," ते म्हणाले. मग कपाटाकडे बघून म्हणाले, "आपल्या टेकाडाचं बुक निगालं म्हनं. डायवर म्हनत हुता. आमचं काय लिवलंय का वो त्यात?"

मी नाही म्हणू शकलो असतो. मजुरांबद्दल अहवालात काही लिहीत नाहीत म्हणालो असतो तर तेही खरंच होतं, एरवी लिहीतच नाहीत. पण ते धुतलेलं धोतर, तो पटका. मी अहवाल काढला, पान सत्तेचाळीस उघडलं आणि मोठ्यानं वाचल्यासारखं केलं. या कामात गावातल्या एका जाणत्या माणसाची फार मदत झाली. मातीच्या आवाजावरून थर ओळखायचं त्यांचं कसब आमच्या कुठल्याही यंत्राला नाही. असं मी वाचलं. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. मी त्यांना काहीतरी देतोय असं वाटलं.

अप्पांनी पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "कुठं हाय ते, बोट ठिवून दावा." मी खालून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. ते बराच वेळ बघत राहिले. "पान कितवं म्हनलासा?"

"सत्तेचाळीस."

"सत्तेचाळीस," ते म्हणाले, आणि शेंगा माझ्या टेबलावर ओतून रिकामी पिशवी घडी करून घेऊन गेले. आमच्या कुठल्याच खणण्यावर ते परत आले नाहीत. काही वर्षांनी गेल्याचं कळलं. मी तेव्हा कसल्याशा परिसंवादाच्या तयारीत होतो.

त्यानंतरची माझी कारकीर्द सांगण्यासारखी नाही, म्हणजे तिचा गौरवग्रंथ निघालाय. मी प्रमुख झालो, परीक्षक झालो, समित्यांवर गेलो. धंद्यात यंत्रं आली. जमिनीत न खणता आत बघणारं यंत्र आलं, ते ढकलत पोरं उन्हात फिरायची आणि रंगीत चित्रं काढून आणायची. त्या चित्रात काय आहे ते कुणालाच कळायचं नाही, म्हणून दोनदा अर्थ लावायला बाहेरून माणूस बोलवावा लागला. पुढे आकाशातून फोटो काढणारं पाखरू आलं. ते पहिल्याच दिवशी चिंचेच्या झाडात अडकलं आणि त्याला काढायला सबंध खातं झाडाखाली उभं. मी या सगळ्यांची टिंगल करत आलोय आणि मला त्यात आनंद मिळतो. म्हातारा फटकळ आहे पण खरं बोलतो, असं माझ्याबद्दल धारवाडात म्हणतात.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता एक बाई माझ्याकडे आल्या. साठी उलटलेल्या, कलघटगीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. अप्पांची मुलगी म्हणून त्यांनी ओळख सांगितली. मी बसा म्हटलं. त्या बसल्या, पिशवीतून फोन काढला, त्यावर एक पान उघडून टेबलावर माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "सर, एवढं वाचून दाखवा."

पान सत्तेचाळीस होतं. मी म्हटलं, "तुम्हाला इंग्रजी येत असेल."

"येतं की. तुमच्या तोंडून ऐकायचंय. मराठीत सांगा."

मी वाचलं. या खेपेला जे होतं तेच वाचलं. त्या मान न हलवता ऐकत होत्या.

मग त्यांनी सांगितलं. अप्पा जिवंत होते तोवर गावात कुठलंही लग्न असो, बारसं असो, जत्रा असो, पान सत्तेचाळीसचा विषय निघायचाच. अप्पा सांगायचे, माझं नाव सरकारी बुकात आहे, माती ओळखणारा माणूस म्हणून. मास्तरनं बोट ठेवून दाखवलंय. पोरांना ते तोंडपाठ झालं होतं. बाईंच्या भावाचा मुलगा हुबळीला कंपनीत आहे, चाळिशीचा, त्यानं उणकलला घर बांधलं. वास्तुशांतीला सगळं गाव जेवायला आलेलं. त्यानं फोनवर गावाचं नाव घालून शोधलं तर आमच्या संस्थेचा अहवाल निघाला. आजोबांचं पान सापडलं म्हणून तो इतका हरखला की स्वतः आधी न वाचताच चारचौघांत मोठ्यानं वाचायला लागला. वाक्याच्या मध्यावर थांबला. पण तिथं इंग्रजी कळणारे आणखी होते, त्यांनी पुढचं वाचलं.

"लोक हसले सर," त्या म्हणाल्या. "म्हातारा जन्मभर थापा मारत होता म्हणाले. आमचे काकाच म्हणाले. आता गावात कुणी काही फुगवून सांगितलं की म्हणतात, सत्तेचाळीस नंबर."

त्या म्हणाल्या, "अप्पा खोटं बोलत नव्हते. एवढंच हवंय. तुम्ही ते कुठंतरी लिहा, सांगा, काय करायचं ते करा."

मी शब्द दिला. आणि मला अभिमानानं सांगायचंय की शब्द पाळायला मी दुसऱ्याच दिवशी बसलो. संस्थेला सहा पानी पत्र लिहिलं. खड्डा, कापलेलं तोंड, माझ्या हातची चुकीची चिठ्ठी, मजुराचा काही दोष नसणं, सगळं व्यवस्थित, आकृतीसह. खोलीवरच्या त्या रविवारचं मात्र लिहिलं नाही. शास्त्रीय पत्रात असल्या घरगुती गोष्टी बसत नाहीत, असं मी स्वतःला समजावलं. चाळीस वर्षांच्या सरावानं माझं मन लगेच समजतं.

संस्था आधी ते पत्र घेईना. दुरुस्तीसाठी म्हणे ऑनलाइन अर्ज करावा लागतो, आणि मूळ अहवालाच्या लेखकाच्या खात्यातूनच तो भरता येतो, आणि लेखक म्हणून त्यात संचालकांचं नाव, आणि संचालक तर कधीच वर गेलेले. मयत माणसाचा पासवर्ड कुठून आणू असं मी विचारल्यावर संगणकावर बसलेला मुलगा खरंच विचारात पडला. मग नव्या संचालकांनी पत्र वाचलं आणि त्यांना त्यात संधी दिसली. ते घरी आले, पाया पडले आणि म्हणाले, "सर, या वयात, स्वतःची चूक, पन्नास वर्षांनी. हे आजच्या पिढीसमोर यायलाच पाहिजे."

सभागृह भरलं होतं. 'प्रामाणिक संशोधनाचा आदर्श' असा फलक माझ्या फोटोसह. आठ जणांची भाषणं झाली, कानडीत, इंग्रजीत, आणि एक माझ्यासाठी खास मराठीत. मला म्हैसुरी पेटा घातला, शाल पांघरली, फळांची करंडी दिली. दुरुस्ती पडद्यावर दाखवली. त्यात अप्पांचा उल्लेख 'एक कामगार' असा होता. नाव मी पत्रात दिलं होतं, पण ते संपादनात गेलं, आणि मी मजकुराचा नमुना बघून सही केली होती. बाईंना मीच निमंत्रण पाठवलं होतं. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, व्यासपीठावरून कुणी त्यांना ओळखलं नाही.

मी बोलायला उभा राहिलो. ही वेळ होती. तो रविवार, ते बोट, ती शेंगांची पिशवी, तीन वाक्यांत सांगून झालं असतं. मी विज्ञानातल्या सचोटीवर वीस मिनिटं बोललो. टाळ्या एवढ्या पडल्या की मला मध्ये थांबावं लागलं.

फाटकाशी बाई उभ्या होत्या. मी शाल सावरत म्हटलं, "आलात, बरं वाटलं. झालं ना मनासारखं?"

"हौद्री, होय हो, चांगला झाला कार्यक्रम," त्या म्हणाल्या. "सर, खड्ड्याचं सगळं आलं. तुम्ही अप्पांना काय वाचून दाखवलंत ते नाही आलं."

"ते शास्त्रीय पत्रात..."

"गावाला खड्ड्याचं काय करायचंय सर? अप्पांनी चूक केली नव्हती तेव्हा त्यांचं काम गेलं. तुम्ही केली होती, तुम्हाला शाल मिळाली. असू दे, त्याचं मला काही नाही. पण गाव अजून त्यांना थापाड्याच म्हणतंय." मग त्या म्हणाल्या, "एकदा गावात या. मारुतीच्या देवळापुढं चार माणसं बसलेली असतात. त्यांच्यासमोर सांगा, मी वाचून दाखवलं होतं, आणि मी खोटं वाचलं होतं. पाच मिनिटं लागतील. मी गाडी पाठवते."

मी म्हटलं, येतो. भाताची कापणी होऊ द्या, म्हणजे सगळे गावात भेटतील. त्यांना ते पटलं.

कापणी होऊन, मळणी होऊन, आता पुढची पेरणी आली. माझे गुडघे दुखतात हे खरं आहे. पण मधल्या काळात मी त्याच सचोटीच्या भाषणासाठी दोनदा बंगळूरला जाऊन आलो, आणि कलघटगीची बस तर तासाला आहे. दोन हजार विद्वानांपुढे माझी जीभ अडखळत नाही. देवळापुढच्या चार माणसांपुढे उभा राहून मी खोटारडा आहे म्हणायचं, याची मला भीती वाटते. हे सगळं मी इथं लिहिलंय, पण त्या गावात माझी पुस्तकं कुणी वाचत नाही, आणि म्हणूनच लिहायला जमलं.

परवा बाईंचा फोन आला होता. मी त्यांचं नाव बघत बसलो आणि उचलला नाही.